विहिरीकडचा अंधार

वीकएण्ड म्हटला की अलिबाग, आणि अलिबाग म्हटलं की मासे, बीच आणि तुडुंब गर्दी! माझं मात्र या किनाऱ्याशी घरचं नातं. नागावला आजीची नारळी-पोफळीची वाडी आहे. सध्या तिथे एकच विषय गाजतोय. दादा कॉटेजेस बांधतोय आणि त्याला अख्ख्या वाडीत फोकस लावायचेत. ‘गेस्टना अंधाराची भीती वाटते गं,’ हे त्याचं म्हणणं. खोटंही नाही ते.

पण मला आठवतात दक्षिण ध्रुवावरचे छोटे टेलिस्कोप. नाव ‘आइसअ‍ॅक्ट’. जेमतेम अर्ध्या मीटरचं भिंग, मागे ६१ पिक्सेलचा कॅमेरा. अवकाशातला एखादा कॉस्मिक किरण हवेवर आदळला की कणांची सर कोसळते आणि निळसर प्रकाश चमकतो, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच! तो टिपायला रात्र काळीकुट्ट हवी. ध्रुवावर ती महिनोन्‌महिने मिळते. अशाच सरींतले म्युऑन नागावच्या अंगणातही पडतात; आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक.

आणि अलिबागला असली पाहुणचाराची सवय जुनी आहे बरं का! मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मग कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये इथे नवी वेधशाळा उभारली. लोखंड टाळायचं म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. १९०७ मध्ये ट्राम धावली. १९६४ मध्ये ती बंदही झाली. अलिबागच्या नोंदी मात्र अजून चालू आहेत. ज्या चुंबकत्वाच्या या नोंदी, तेच आपल्याकडे येणारे कमी ऊर्जेचे कॉस्मिक किरण परतवून लावतं. ध्रुवांवर ही ढाल तोकडी पडते.

मला यातली एकच गोष्ट भावते. ट्राम कुणी अडवली नाही, पण शांत जागाही राखली.

दादाला तेच सांगितलं. कॉटेजेस हव्यातच, आजीच्या औषधांचा आणि वाडीचा खर्च नुसत्या नारळांवर भागत नाही. फक्त दिवे खाली वळव, वर झाकण लाव आणि विहिरीकडची बाजू काळोखीच ठेव.

‘आणि गेस्टनी तक्रार केली तर?’

‘तिथे चार खाटा टाक. झोपून आकाश बघू देत.’

बरीच घासाघीस झाली. शेवटी एका सीझनची ट्रायल मिळाली. आजीने निकाल ऐकून एवढंच विचारलं, ‘खाटा नव्या आणणार का रे?’