चार बोल्टांचा भार

पोर्शे ९११चं इंजिन वर उचलून निघत नाही, ते खाली उतरतं. इतर गाड्यांत बॉनेट उघडायचं, साखळ्या अडकवायच्या आणि क्रेनने इंजिन वर खेचायचं, असा सर्वसाधारण रिवाज. ह्या गाडीत इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे, अगदी टोकाला. त्याला खालून जॅकचा आधार द्यायचा, बंधनं एकेक करून सोडवायची आणि गिअरबॉक्ससकट ते सावकाश जमिनीजवळ आणायचं. मग गाडीची मागची बाजू आणखी उचलायची आणि तिच्याखालून इंजिन बाहेर ओढायचं. हौशी माणसं हे काम घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं करत आली आहेत. मिशिगनमधल्या एका हिवाळ्यात मीही ते पहिल्यांदाच हाती घेतलं.

माझी गाडी १९८२ची ९११ एससी. इंजिन तीन लिटरचं, हवेने थंड राहणारं. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे निजलेले. व्हॉल्व्हची फट तपासायला खालचं कव्हर काढलं, तर तेलाबरोबर एक नट त्यात येऊन पडला. नटाच्या आत स्टडचा तुटका शेंडा होता. प्रत्येक सिलिंडर आणि त्याचं हेड क्रँककेसला आवळून धरायला चार लांब स्टड असतात, सगळे मिळून चोवीस. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. स्टडनेही त्याला साथ द्यावी म्हणून एससीच्या खालच्या, एक्झॉस्टकडच्या रांगेत डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड घातले गेले. हेतू उत्तम होता. पण वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने ह्या धातूला बारीक चिरा जातात आणि एक दिवस स्टड तुटतो. तो बदलायचा तर इंजिन उतरवून उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

मी सांगलीचा. आमच्या घरी वस्तू बिघडली की आधी जमिनीवर जुनी चादर अंथरली जायची. स्टोव्ह, शिलाई मशीन, टेबलफॅन, सायकलचं फ्रीव्हील, सगळं त्या चादरीवर उघडलं गेलं. वडील स्क्रू काढल्या क्रमाने ओळीत मांडायचे आणि मला बजावायचे, "ओळ मोडू नकोस." यंत्राची भीती घालवणारं ह्याहून मोठं शिक्षण मला पुढे कुठल्याही कॉलेजात मिळालं नाही. म्हणून तुटका स्टड हातात आला तेव्हा वाईट वाटलं, पण धीर सुटला नाही. गॅरेजच्या फरशीवर चादर अंथरली.

आधी बॅटरी सोडवली, मग तेल. ह्या इंजिनाच्या पोटात तेलाचा मुख्य साठा नसतो. त्याची टाकी वेगळी असते, म्हणून ते दोन ठिकाणांहून काढावं लागतं. काळी, जाड धार बराच वेळ पडत राहिली. पेट्रोलच्या नळ्यांत गाडी बंद असतानाही दाब टिकून असतो, तेव्हा जोडाभोवती चिंधी गुंडाळून नट हळूहळू सैल करायचा आणि आसपास ठिणगी उडणार नाही ह्याची काळजी घ्यायची. मग हीटरचे पाइप, अॅक्सिलरेटरचा दांडा, क्लचची केबल, दोन्ही बाजूंचे अॅक्सल. गिअरच्या दांड्याचा जोड तर चक्क गाडीच्या आत, मागच्या बाजूच्या एका झाकणाखाली. आणि गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची चपटी पट्टी, जी अंधारात कुणाच्या नजरेस पडत नाही.

वायरींना चिकटपट्ट्या लावायचं काम मुलीने घेतलं. इथल्या मराठी शाळेत गिरवलेल्या अक्षरांत ती लिहीत होती : "डावी, वरची", "स्टार्टरची जाड". प्रत्येक वायर हातात आली की तिचा प्रश्न ठरलेला, "बाबा, ही कुठून आली?" मग बोटाने माग काढत मला त्या वायरीच्या टोकापर्यंत जावं लागे. कुठल्याही मॅन्युअलपेक्षा त्या प्रश्नाने मला गाडी जास्त समजावून दिली.

हे सगळं सुटल्यावर उरतात चार बोल्ट : दोन इंजिनाकडचे, दोन गिअरबॉक्सकडचे. दोनशे किलोंहून जास्त वजन एवढ्यांवर टांगलेलं असतं. पण ह्या लोखंडाला गाडीचं इंजिन करतात त्या मघाशी सोडवलेल्या बारीकसारीक जोडण्या. कामाचा वेळ त्यांनीच घेतला, लक्षही त्यांनीच मागितलं. बोल्ट मात्र पान्याच्या एका कुरकुरीनंतर सरळ निघाले.

विहिरीत घागर सोडावी तसं, दोर हातात राखून, आम्ही इंजिन खाली घेतलं. मी जॅकचा व्हॉल्व्ह केसभर फिरवायचो आणि ते बोटभर उतरायचं. मुलगी टॉर्च घेऊन चहूबाजूंनी बघत होती. कुठे वायर ताणली जात नाही ना, नळी अडकत नाही ना. "थांबा," ती म्हणाली की थांबायचं. तिने "हं" म्हटलं की पुढे.

मग मी इंजिन पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी पाहिलं. मधोमध मोठा पंखा, त्याच्या पोटात अल्टरनेटर. सिलिंडरांभोवती बारीक पात्यांची वर्तुळं, त्यांतून वारा जावा म्हणून आखलेल्या वाटा. ९११चं हे सहा सिलिंडरचं इंजिन घडवणाऱ्यांत हान्स मेट्झगर हे नाव अग्रभागी आहे. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी १९६३ साली प्रथम मांडली गेली आणि हवेने थंड होणारी शेवटची ९११ बनली १९९८ला. एवढ्या काळात इंजिन दोन लिटरचं साडेतीन लिटरांपलीकडे गेलं, तरी एक गोष्ट तशीच राहिली. प्रत्येक सिलिंडर वेगळा, प्रत्येकाचं हेड वेगळं. एक बिघडला तर तो एक काढता येतो, नवा घालता येतो.

ह्या रचनेने मला हलवून सोडलं. इंजिन आखणाऱ्यांनी ते धावताना तर पाहिलंच होतं, ते उघडणारा कुणीतरी पुढे कधीतरी येईल हेही धरलं होतं. पाना फिरेल एवढी जागा त्यांनी त्याच्यासाठी ठेवली. ज्या माणसाला आपण कधी भेटणार नाही त्याच्या हातांवर इतका विश्वास ठेवणं, ही मला कारागिराची सर्वांत मोठी माया वाटते.

ही गाडी खरं तर जन्मायचीच नव्हती. १९८१ साली पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा ९११ बंद करायचं ठरत आलं होतं. शुट्झ स्वतः सांगत, की कंपनीचे इंजिनिअर हेल्मुट बोट ह्यांच्या कार्यालयातल्या तक्त्यावर बाकी गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या आणि ९११ची रेघ १९८१च्या अखेरीला थांबली होती. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून दारापर्यंत ओढत नेली. माझी १९८२ची गाडी त्या भिंतीवरच्या रेघेतली.

ती रेघ लांबवायला आता कुणा प्रमुखाची गरज नाही. ज्यांच्या घरी ह्या गाड्या आहेत आणि ज्यांना त्या उघडायचा कंटाळा नाही, ती माणसं ती ओढत नेतील. माझ्या वाट्याला त्यातले हे चोवीस स्टड आले आहेत, आणि ते काढल्या क्रमाने ओळीत मांडायला एक जोडीदारीणही मिळाली आहे.