गुरुजींच्या अंगणातला जुनिपर

जुनिपर हे आपल्याकडच्या मातीतले झाड नव्हे. पवनी तालुक्यातल्या अड्याळभोवतीचे रान सागाचे, ऐनाचे, मोहाचे आणि बांबूचे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. थंड डोंगरांत वाढणाऱ्या या वृक्षकुळाने इथे यावे तरी कशाला? त्याच्या एका भावंडाची फळे हपुषा या नावाने वैद्यांच्या बटव्यात पूर्वापार आहेत, आणि लाहौल-स्पितीकडचे बौद्ध बांधव जुनिपरची पाने धूप म्हणून जाळतात. आमच्याकडे मात्र तो रोपवाटिकेतून आला, चिनी जातीचा, शोभेचा म्हणून. फाटकाच्या दोन बाजूंना दोन लावायचे. एक पहिल्याच वैशाखात जायचा आणि दुसरा, कुणी माया लावली तर, तग धरायचा.

अड्याळातल्या एका निवृत्त गुरुजींच्या अंगणात असा तग धरलेला एक जुनिपर होता. गुरुजींच्या पत्नीने तीसेक वर्षांपूर्वी लावलेला आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेला. उन्हाच्या माऱ्याने तो पुरुषभर उंचीवरच थबकला होता. बुंधा पोटरीएवढा, पश्चिमेची बाजू वाळून हाडासारखी पांढरी पडलेली, पूर्वेची हिरवीगार. बाई वारल्या. मुलाने वडिलांना पुण्याला न्यायचे ठरवले, घर विकले गेले, आणि नव्या मालकाला अंगणात दुकानाचे गाळे काढायचे होते. भिंतीच्या भेगांतून काढलेले वड-पिंपळ आम्ही कुंड्यांत वाढवतो हे गुरुजींना ठाऊक होते. ते म्हणाले, "फादर, एवढं झाड लहान करून द्या. पुण्याच्या गॅलरीत ठेवीन म्हणतो." गुरुजींचे वय तेव्हा ८१ होते.

'लहान करून द्या' या शब्दांतच सारी अडचण होती. वडपिंपळाचे सोपे असते. बुंधा हातभर ठेवून छाटला तरी पावसाळ्यात त्याला चहूकडून कोंब फुटतात. ते आगमनकाळाचे दिवस होते. इशायच्या बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याचे यशयाचे भाकीत नुकतेच वेदीवरून वाचले गेले होते. पण जुनिपर त्या जातीचा नव्हे. पाने नसलेल्या जुन्या लाकडातून तो सहसा पुन्हा फुटत नाही. ज्या फांदीवरची हिरवळ सरसकट काढली, ती फांदी गेलीच म्हणून समजावे. म्हणून खणून काढताना मुळे कापावी लागतात तेव्हा पाने मात्र शक्य तितकी राखायची, कारण नवी मुळे धरण्याचे बळ त्या पानांतूनच येते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. जुन्या जुनिपरमध्ये मुळापासून फांदीपर्यंत जिवंत सालीच्या वेगळ्या शिरा असतात. अमुक मूळ अमुक फांदीला पोसते; ते तोडले तर तीच फांदी वाळते, शेजारची तशीच राहते. आमच्या झाडाची पूर्वेची शीर चार बोटे रुंद होती. आम्ही आणि आमचा माळी एक अख्खी सकाळ बोटांनी ती चाचपत खाली उतरलो आणि ती ज्या दोन मुळांत शिरत होती त्यांना फडक्याच्या खुणा बांधल्या. रीतसर करायचे तर वर्षभर आधी भोवती चर खणून बारीक मुळे फुटू द्यावी लागतात; पण घराचा ताबा संक्रांतीला द्यायचा होता. तेव्हा मातीचा गोळाच मोठा घेतला, गोणपाटात आवळला, आणि चार गड्यांनी तो उचलून बैलगाडीत ठेवला. वाळकी बाजू कापून टाका, अशुभ दिसते, असे शेजारीपाजारी म्हणत होते. जपानी मंडळी बुंध्यावरच्या अशा पांढऱ्या लाकडाला 'शारी' आणि फांदीच्या वाळक्या टोकाला 'जिन' म्हणतात व मोलाने जपतात, हे आम्ही त्यांना सांगितले. पटले कुणालाच नाही.

फळ्यांच्या खोक्यात वैनगंगेची जाड रेती, विटांचा चाळलेला चुरा आणि थोडा कोळसा घालून झाड बसवले. मुळांभोवतीची जुनी माती धुतली नाही. तिच्यातल्या बुरशीच्या तंतूंचा मुळांना आधार असतो. खत नाही. हिरवी जाळी वर, दिवसातून तीनदा पानांवर पाण्याचा फवारा, आणि खोके दोरांनी जखडलेले, कारण झाड हलले की कोवळी मुळे तुटतात.

मग वाट पाहणे. इथे जुनिपर माणसाची खरी परीक्षा घेतो. मेलेला जुनिपर कित्येक आठवडे, कधी काही महिनेही हिरवाच दिसतो. फेब्रुवारीत येणारेजाणारे म्हणत, "फादर, झाड लागलं की हो!" आम्ही मान हलवत होतो आणि मनात घाबरत होतो. पुण्याहून दर रविवारी फोन येई. "हिरवं आहे ना?" "आहे." याहून अधिक आम्हांला ठाऊकच नव्हते. मे महिन्याच्या त्या भट्टीत आतल्या काही डहाळ्या करड्या पडल्या तेव्हा तेही गुरुजींना कळवले. ते म्हणाले, "मलाही इकडे करमत नाही."

जुन्या लॅटिन बायबलात, म्हणजे संत जेरोमच्या भाषांतरात, थकलेला एलिया ज्याच्याखाली बसून मरण मागतो ते झाड जुनिपर आहे. मूळ हिब्रू शब्द रोतेम. ते वाळवंटातले पांढऱ्या फुलांचे झुडूप, जुनिपर नव्हेच. तरीही फवारा मारताना तो प्रसंग आठवे. देवदूत एलियाला बोल लावत नाही. दोनदा भाकर आणि पाणी देतो, मधे झोपू देतो, आणि पुढची वाट लांब आहे एवढेच सांगतो.

जुलैत पाऊस लागला आणि पूर्वेच्या फांदीवर नवी पालवी आली. पण प्रौढ जुनिपरची खवल्यांसारखी मऊ पाने नव्हे, तर रोपट्याला असतात तशी टोचरी सुयांसारखी. फार मार बसला की म्हातारा जुनिपर असा पुन्हा बालपणात जातो. ही पाने निवायला दोनतीन वर्षे लागतात आणि तोवर तार लावून फांद्या वाकवू नयेत. हे सारे गुरुजींना फोनवर सांगणे आम्हांला जड गेले. पलीकडून मुलाचा आवाज आला, "बाबा, इथल्या नर्सरीत तयार बोन्साय मिळतं, आजच आणू." त्याचे चुकले नव्हते. जपानात इतोईगावाच्या कड्यांवरून लोकांनी दोरांना लटकून जुने जुनिपर काढले, इतके की ते कडे जवळजवळ ओकेबोके झाले. तेही घाईचेच एक रूप. गुरुजी एवढेच म्हणाले, "मला तेच हवंय. थांबतो."

आता दुसरा पावसाळा सरला आहे. सुयांमध्ये कुठे कुठे खवल्यांची पाने दिसू लागली आहेत. खोक्याची एक फळी वाळवीने खाल्ली, ती बदलली. दिवाळीत गुरुजींचा नातू आला आणि आजोबांनी पुण्यात स्वतः निवडलेला एक उथळ निळा ट्रे ठेवून गेला. तो भरायला अजून वर्ष तरी लागेल. तोवर वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले मेण लावून आम्ही त्याच्या तळाची भोके बुजवली आहेत आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर तो पाणी भरून ठेवला आहे. दुपारी चिमण्या येतात.