धारेचे दगड

खनिज खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर पुन्हा दगडच गोळा करावेत, याचे आमच्या इष्टमित्रांना हसू येते. त्यांत हे दगड जपानचे, आणि त्यांचा उपयोग काय, तर वस्तऱ्याला धार लावणे! संग्रह म्हणावा असा तो मोठाही नाही. सात वर्षांत जमलेले अवघे पाच दगड आहेत. पहिला आमच्या भाच्याने ओसाकाहून येताना आणला. घरातल्या आजोबांच्या सोलिंगेनच्या वस्तऱ्याने आम्ही दाढी करतो, हे त्याला ठाऊक होते. होळकरांच्या चाकरीनिमित्त इंदुरात आलेल्या आमच्या घराण्यात आम्ही ‘वस्तरा’ म्हणतो आणि उंबरठा ओलांडला की ‘उस्तरा’. शब्द मूळचा एकच, फारसी. आमच्यासारखाच दोन घरी नांदणारा.

क्योतो शहराच्या भोवतालच्या, विशेषतः वायव्येकडच्या डोंगरांत या दगडांच्या खाणी होत्या. नाकायामा, ओझुकू, ओकुदो, शोबुदानी ही नावे जाणकार मंडळी आपल्याकडे गवयांची घराणी सांगावीत तशी सांगतात. राजधानीचे शहर जवळ, तेथे तलवारींना झिलई देणारे होनआमींसारखे पिढीजात कारागीर, सुतार, न्हावी. त्यामुळे दगडाची पारख तेथे फार सूक्ष्म झाली. फिकट निळसर करड्या दगडाला ‘आसागी’, पिवळसर दगडाला ‘कीइता’, काळसर ठिपक्यांच्या दगडाला ‘करासु’ म्हणजे कावळा, आणि तांबूस शिंतोडे असले की ‘रेंगे’, म्हणजे कमळ. आमच्या खात्यात खनिजाचे वर्णन ‘रंग करडा, पोत सूक्ष्म’ एवढ्यावर संपे. तेवढ्याच दगडाला कावळा नि कमळ दिसणारी दृष्टी असलेला एखादा सहकारी आम्हांला मिळाला असता, तर त्या फायली वाचनीय झाल्या असत्या.

पण आम्ही भूशास्त्राचे पदवीधर, त्यामुळे आमचे मन गुंतले ते दगडाच्या जन्मकथेत. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन युगाच्या अखेरीस, पृथ्वीवरील जीवसृष्टीचा सर्वांत मोठा संहार झाला. खोल महासागराच्या तळाशी तोवर रेडिओलारिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे गारेचे सांगाडे साचत आणि त्यांचा चकमकीसारखा कठीण ‘चर्ट’ बनत असे. ते जीवच जवळजवळ नाहीसे झाल्यावर तळाशी मुख्यतः अतिसूक्ष्म माती आणि गारेची धूळ उरली. हजार वर्षांत काही मिलिमीटर, अशा गतीने ती बसली. पुढे सागरतळ सरकत सरकत आशियाच्या कडेला येऊन चिकटला आणि तो थर क्योतोच्या डोंगरांत उभा राहिला. भूशास्त्रज्ञ त्या खडकाला ‘तोइशी’ जातीचा म्हणतात. ‘तोइशी’ म्हणजे धारेचाच दगड. ज्या माळव्याच्या काळ्या खडकावर आमचे इंदूर वसले आहे, तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. संहारानंतरच्या त्या सुन्न सागराची माती आम्ही रोज सकाळी गालाच्या कामी लावतो, हा विचार पहिले काही दिवस आमच्या मनातून जाईना.

आता त्यांतील बहुतेक खाणी बंद आहेत. 1893 मध्ये ॲचेसनला कार्बोरंडमचे पेटंट मिळाले, 1904 मध्ये जिलेटला सुरक्षित रेझरचे. त्यानंतर नैसर्गिक दगडाला पूर्वीचे दिवस राहणे शक्य नव्हते. म्हणून संग्राहकांत एक पंथ असा आहे, की दगड वापरूच नये. बाजूंना लाख-रोगण देऊन कपाटात ठेवावा. आम्हांला हे पटत नाही. रोगण आम्हीही देतो, कारण पाणी थरांत शिरले तर दगड फुटतो. पण न झिजणारा धारेचा दगड म्हणजे न गायलेली बंदिश.

वापरण्याची रीत अशी. दगड पाण्याने ओला करून त्यावर ‘नागुरा’ नावाचा लहान दगड घोटायचा. मिकावा प्रांतातले नागुरे मऊ, पांढुरके. भरडापासून बारकाकडे बोतान, तेंजो, मेजिरो, कोमा असा क्रम लावतात. दुधासारखा काला तयार झाला की वस्तरा पूर्ण आडवा ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली. कोन धरायचा नसतो, तो पाठीच्या जाडीनेच ठरवलेला असतो. धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा, टोकाशी पाठीवर उलटायचा, परत आणायचा. चामड्याच्या पट्ट्यावर याच्या नेमके उलट. सुटा केस टेकवताच तुटून पडला, की काम झाले.

हे सविस्तर लिहिण्याला कारण आहे. गेल्या वर्षापासून आमचा उजवा हात कापतो. पेला धरताना कापतो, सही करताना कापतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याहून घरच्यांनी वस्तरा काढून घेतला. आणि त्यांचे म्हणणे बिनतोड आहे, गळ्यापाशी कापणाऱ्या हाताचे काय काम? परंतु दगडावर तोच हात चालतो. पाठ टेकलेली असल्यामुळे कंप धारेपर्यंत पोहोचत नाही. आम्ही सलग पाऊण तास धार लावू शकतो आणि त्या वस्तऱ्याने एक मिशीचा केसही काढू शकत नाही.

त्यामुळे एक दिवसाआड गल्लीतला न्हावी घरी येतो. त्याच्याकडे अर्ध्या पात्याचा, पाते बदलण्याचा उस्तरा. आमचे दगड त्याने दोन-तीनदा पाहिले, बोटाने घासून पाहिले, काही बोलला नाही. मग एके दिवशी धोकटीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्याने आमच्यापुढे ठेवली. त्याच्या वडिलांचा उस्तरा. गंजलेला, मुठीची एक बाजू गेलेली, धारेवर तांदळाएवढी खोंच. “साब, ये आपके पत्थर से हो जाएगा क्या?”

त्याला आज सोळा दिवस झाले. खोंच भरड दगडावर निघाली, काल आओतोवरचे काम संपले. उद्या आसागी भिजवायचा.