लीली परिक्रमेचा दौरा-कार्यक्रम

सरकारी नोकरीत दौरा-कार्यक्रम लिहिण्याची सवय एकदा लागली की ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. मुक्काम कोठे, अंतर किती, वाहन कोणते, आणि सर्वांत शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रिकामा रकाना. महसूल खात्यात असे शेकडो कागद आम्ही लिहिले. त्यांत पायी चालण्याचा मात्र एकही नव्हता. तो पहिला कागद आम्ही 2025 च्या श्रावणात लिहिला. तो होता गिरनारच्या लीली परिक्रमेचा.

बडोद्याच्या मराठी घरांना गिरनार काही परका नाही. घरात कोणी ना कोणी सुमारे दहा हजार पायऱ्या चढून दत्तपादुकांना डोके टेकवून आलेला असतोच. परंतु शिखरावर जाणे वेगळे आणि पर्वताला वेढा घालणे वेगळे. महाराष्ट्रातून येणारे आमचे आप्त ‘लीली’ हा शब्द ऐकून दत्तप्रभूंची लीला आठवतात. तीन पिढ्या गुजरातेत मुरलेल्या आम्हां मंडळींना ठाऊक असते की लीली म्हणजे हिरवी. पावसाळ्याने हिरव्या केलेल्या अरण्यातून जाणारी म्हणून ती लीली परिक्रमा. कार्तिक शुद्ध एकादशीला, पंढरपुरी कार्तिकीचा सोहळा चालू असतो त्याच दिवशी, ती सुरू होते आणि पौर्णिमेला संपते. एरवी हे सिंह-बिबट्यांचे रान. 2008 मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्या पाच दिवसांत मात्र तेथे लाखो माणसे चालतात.

वाट 36 किलोमीटरांची. भवनाथ तळेटीहून निघायचे, 12 किलोमीटरांवर झीणाबावानी मढी, तेथून 8 वर माळवेला, पुढे 8 वर बोरदेवी आणि शेवटचे 8 चालून पुन्हा भवनाथ. मध्ये इटवा, माळवेला आणि नाळपाणी अशा तीन ‘घोड्या’, म्हणजे उभ्या चढाच्या खिंडी. कागदावर हे सोपे दिसले. परंतु अंतरांची बेरीज मांडताना एक गोष्ट ध्यानात आली. सरळ वाटेवर दमलेला माणूस अर्ध्यातून मागे फिरू शकतो, वर्तुळाला ती सोय नाही. माळवेलाला पोचलेल्यास मागचे अंतर 20 आणि पुढचे 16. तेथे थकलेल्याने परतायचे म्हटले तरी त्याला पुढेच जावे लागणार! म्हणून कोणी जायचे आणि कोणी नाही, हा निर्णय भवनाथलाच, किंबहुना बडोद्यालाच व्हावयास हवा होता.

आम्ही जाणारे चौघे: आम्ही स्वतः, आमचे मेहुणे, तिशीतला एक पुतण्या, आणि आमच्याच वाड्यातले, वयाने आमच्याहून तीन वर्षांनी वडील असे नाना. अडचण नानांची होती. त्यांना मधुमेह, शिवाय 2019 मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. त्यातून पहिला दिवस एकादशीचा, आणि नानांनी जन्मात एकादशी मोडलेली नाही. रिकाम्या पोटी साखरेची गोळी आणि त्यावर इटव्याची चढण, हा हिशेब आम्हांला रात्री झोपू देईना. 2024 च्या परिक्रमेत हृदयविकाराने माणसे दगावल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या. नानांना “तुम्ही येऊ नका” असे सांगायला हवे होते. नोकरीत परक्यांच्या अर्जांवर नकार लिहिताना आमचा हात कधी थरथरला नाही. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याला तो तोंडाने देण्याचे धैर्य मात्र होईना.

मग आम्ही सरकारी माणूस करतो तेच केले. नियम केला. पाठीवर ठरलेले ओझे घेऊन चांपानेरपासून पावागडच्या माथ्यापर्यंत पायी चढायचे आणि पायीच उतरायचे, रोप-वेला हात लावायचा नाही. या तालमीत जो मागे पडेल, त्याने परिक्रमेत भवनाथलाच थांबावे. नियम सर्वांना सारखा होता. रोख फक्त नानांवर होता. नानांनी कागद शांतपणे वाचला आणि खाली सही केली.

ओझ्याचा प्रश्न तालमीच्या आधीच निघाला. आमची पहिली पाठपिशवी ताणकाट्याला अडकवली तेव्हा भरली 11 किलो. आमच्या डॉक्टरांचे मत असे की, या वयात अंगच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापलीकडे पाठीवर काही नको, म्हणजे पावणेसात. सौभाग्यवतींनी पिशवी जमिनीवर रिती केली आणि एकेक वस्तू उचलून विचारू लागल्या, “हे नसेल तर काय अडेल?” सतरंजी गेली, पितळी तांब्या गेला, बुटांचा दुसरा जोड गेला. शेगडी आणि शिधाही गेला. पूर्वी यात्रेकरू तीन दगडांच्या चुलीवर रांधीत असत, आता वाटेवर अन्नक्षेत्रे असतात. राहिले ते पातळ पांघरूण, बॅटरी, एक जादा कपडा, पायमोज्यांचे तीन जोड, औषधे, क्षार-साखरेची पाकिटे, कापडी पिशवीत दशम्या आणि थेपले, आणि खिशात ठेवायची एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू औषधे, घरचा दूरध्वनी. प्लॅस्टिकला त्या रानात बंदी. तेव्हा पाण्याला स्टीलची बाटली. नानांच्या पिशवीत सौभाग्यवतींनी राजगिऱ्याच्या वड्या नि दाण्याचे लाडू घातले आणि बजावले, “नाना, डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ लिहून आणा. उपासाचे खा, पण उपाशी चालू नका.” नाना दुसऱ्याच दिवशी तसे लिहून घेऊन आले. जे आम्हांला महिनाभर बोलता आले नव्हते, ते हिने दोन वाक्यांत उरकले.

नवरात्राची गर्दी सुरू होण्यापूर्वी, भाद्रपदातल्या एका बुधवारी आम्ही पावागड चढलो. नाना मोजून शंभर पावले टाकीत, थांबत, श्वास जागेवर आला की पुढची शंभर टाकीत. आम्ही पुढे होतो. मागे वळून पाहात होतो आणि, खरे सांगायचे तर, ते कोठे बसतात याची वाट पाहात होतो. ते बसले नाहीत. माथ्यावर आमच्यानंतर पाऊण तासाने पोचले, देवीचे दर्शन घेतले आणि लाडू खाल्ला. उतरताना माचीच्या अलीकडे आमच्याच उजव्या गुडघ्यात कळ उठली. चढ छातीची परीक्षा घेतो, उतार गुडघ्याची. हे वाचलेले होते, पण लागू इतरांना केले होते. पुतण्याने आमची पिशवी न विचारता स्वतःकडे घेतली. चांपानेरला सर्वांत शेवटी पोचलो ते आम्ही.

घरी येऊन दोन दिवस आम्ही सूज लपविली. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन नानांकडे गेलो आणि नियम कशासाठी केला होता तेही सांगितले. नाना हसले नाहीत. म्हणाले, “रावसाहेब, ते मला सही करतानाच कळले होते. तुम्ही नुसते विचारले असते, तर मी डॉक्टरांचा कागद दाखविला असता.” मग चष्मा लावून त्यांनी तक्ता पुढे ओढला. “नियम तुमचा आहे, मोडायचा नाही. पण नियमाला परिशिष्ट असते की नाही?” दोन मुक्कामांचे तीन झाले, रोजची चाल सर्वांत मंद माणसाच्या पायाने ठरली, आमच्या हाती काठी आली आणि भवनाथला थांबण्याचा निर्णय अस्थितज्ज्ञांवर सोपविला गेला. त्यांनी सहा आठवडे व्यायाम सांगितला आणि होकार दिला.

आणि मग दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला. एकादशीच्या तोंडावर जुनागडहून वार्ता आली की वाट चिखलाने भरली आहे, भाविकांसाठी परिक्रमा रद्द. साधुसंतांनी तेवढी परंपरा राखली. आमची भरलेली पिशवी चार दिवस दाराशी तशीच होती. दशम्या आम्ही चौघांनी नानांच्या ओसरीवर बसून संपविल्या.

पुढच्या कार्तिकाचा कागद आता तयार आहे. अंतरे तीच, वये एकेकाने वाढलेली. ‘शेरा’ या रकान्यात आजवर आम्ही इतरांविषयीच लिहीत आलो. या वेळी तेथे पहिली ओळ आमच्याविषयी आहे: उजवा गुडघा, उतारावर मंद, सोबत आवश्यक. खाली नानांची सही आहे.