मेस्त्रींचं देणं

आयटीआयचं डिझेल मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा गाडी आपल्याला कळते असा माझा समज होता. पॉवर स्टिअरिंगची आकृती मी परीक्षेत बिनचूक काढली होती. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची डबी, जाड प्रेशर होज, रॅक आणि तेल डबीत परत आणणारा रिटर्न पाइप. गॅरेजात येणारी दहा-पंधरा वर्षांची गाडी मात्र खालून सगळीच तेलकट असायची. त्या काळ्या चिकट थरात तेल नेमकं कुठून येतंय, हे मला मुळीच उमगायचं नाही. थेंब पडला त्याच्या वरचा भाग खराब, एवढीच माझी समज.

मेस्त्रींनी ती खोडून काढली नाही. मला गाडीखाली घातलं आणि रॉकेल, ब्रश नि चिंध्या हातात दिल्या. "पंपापास्नं रॅकपर्यंत सगळं धू." धुणं हे पोऱ्याचं काम, असं वाटून मी मनातून खट्टू झालो. धुऊन, पुसून सगळं कोरडं झाल्यावर त्यांनी खाली पुठ्ठा सरकवला, डबीतलं तेल खुणेपर्यंत भरलं आणि मला आत बसवून, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितलं. टोकाला नेऊन मी ते दाबून धरलं, तसे खालून ओरडले, "सोड लेका! पंप मारतोस व्हय?" तसं धरलं की तेलाचा दाब 1,000 पीएसआयच्या वर जातो. गाडीच्या टायरात हवा असते ती 30-35 पीएसआय. इंजिन चालू असताना प्रेशर होजवरून ते मला हात फिरवू द्यायचे नाहीत, ते याच दाबापायी. बारीक भोकातून निघालेली धार कातडीत शिरते. चाचपायचं असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

तेल सुटतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. होजच्या रबर आणि धातूच्या सांध्यातून झिरपलेलं तेल नळीवरून ओघळत क्रॉस मेंबरवर साठत होतं आणि तिथून चांगलं वीतभर मागे पडत होतं. गाडी पळताना वारा ते आणखी मागे नेतो. म्हणून मेस्त्री ओलाव्याची सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची जागा शोधायचे.

पुढे हळूहळू त्यांचं बघणं मला कळू लागलं. पुलीच्या मागे ओल आणि पट्ट्याभोवती शिंतोडे असले तर ते पंपाच्या शाफ्टच्या सीलकडे जायचे. रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सैल करून बूट दाबायचे. आतून तेल आलं तर रॅकचंच सील गेलेलं, नुसता बूट बदलून काही उपयोग नाही. मला सगळ्यात चकवलं ते एका वेगळ्याच गाडीनं. डबीत फेस, पंपाचा हुंकार, आणि खाली एक थेंब नाही. डबीकडून पंपाकडे जाणारा पाइप सैल होता, तो तेल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत ओढत होता. मी पंप उतरवायला पाना हातात घेतलाच होता. मेस्त्रींनी तो काढून घेतला आणि स्क्रू ड्रायव्हर दिला.

पण त्यांचं खरं ऋण वेगळंच आहे. एक निवृत्त शिक्षक आपली जुनी गाडी घेऊन आले. दुसरीकडे कुणीतरी त्यांना अख्खा रॅक बदलायला सांगितला होता, आणि पेन्शनीत ते बसत नव्हतं. मेस्त्रींनी धुतलं, पुसलं, पुठ्ठा टाकला, स्टिअरिंग फिरवलं. पुठ्ठा कोरडाच. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं, माझा जीव वरखाली. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "मास्तर, अजून सापडलं न्हाई. आजची रात गाडी हितंच ऱ्हाऊ द्या." इतक्या मोठ्या कारागिरानं असं बोलावं, याची मला लाज वाटली. ती लाज माझ्या अज्ञानाची होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सकाळी इंजिन थंड असताना रिटर्न पाइप ओला सापडला. रबर कडक झालेलं. तापलं की ते फुगून तोंड धरून ठेवायचं, म्हणून आदल्या दिवशी गरम इंजिनावर काहीच दिसलं नव्हतं. पाइपाचा तुकडा, क्लिप आणि तेल एवढंच बिल झालं. मास्तरांनी "एवढंच?" असं दोनदा विचारलं.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. नव्या बहुतेक गाड्यांच्या स्टिअरिंगला मोटार असते, तिथे तेलाचा प्रश्नच नाही. जुन्या गाड्या अजून येतात. गिऱ्हाइकाला घाई असते, आणि पंप बदलून टाकणं मला सोपंही असतं, फायद्याचंही. काही जण सील फुगवणारं औषध ओतून वेळ मारून नेतात. ते महिना-दोन महिने चालतंही, नाही म्हणत नाही. मला मात्र अशा वेळी "अजून सापडलं नाही" एवढं म्हणता येतं. धीर माझा नाही, मेस्त्रींकडून उसना घेतलेला आहे.

गॅरेज सुरू करताना मी पाया पडून, काय देऊ म्हणून विचारलं, तर हातानंच नको म्हणाले. पुढे एकदा स्वतःहून आले, पुतण्याला कामाला ठेव म्हणायला. तो आता माझ्याकडे आहे. त्याच्या पगाराचा आकडाही मेस्त्रींनीच सांगितला, मी देणार होतो त्यापेक्षा कमी. त्यांचं तेवढं एकच मी ऐकलं नाही.