सारंगखेड्याची शिंगी

खानदेशात जाऊन आलो म्हटले की पुण्या-मुंबईची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. ऊन किती होते? आणि भरीत खाल्ले की नाही? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण खानदेशात आणखीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, आणि ती पाहायची तर मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, सारंगखेड्याला जायला हवे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईचा स्टेशनात उतरावे, शहाद्याकडे जाणारी एस. टी. पकडावी आणि तापी ओलांडली की खाली उतरावे. देवळाची वाट कुणाला विचारण्याची गरज नाही. गर्दीच आपल्याला घेऊन जाते.

देऊळ एकमुखी दत्ताचे. यात्रा त्याचीच. पण नवस फेडणाऱ्यांइतकीच माणसे इथे येतात ती घोड्यांसाठी. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून व्यापारी जनावरे घेऊन येतात. कानांची टोके एकमेकांना भिडवून उभे असलेले मारवाडी घोडे, गुलाबी नाकाचे पांढरेशुभ्र नुकरे, घुंगरांच्या तालावर पाय नाचवणाऱ्या घोड्या! हरभऱ्याचा, लिदीचा आणि गुळाच्या जिलबीचा मिळून एक वास त्या मैदानावर दाटलेला असतो. तो आवडला तर माणूस पुन्हा येतो. मी गेली काही वर्षे येतो आहे.

येतो म्हणजे उतरतो दादाकडे. दादा माझा मावसभाऊ. पशुवैद्यक खात्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि शहाद्याच्या वाटेवर दहा एकर जमीन करून राहिला. पपई, थोडा कापूस, बांधाला लसूणघास. बाजारात त्याच्याबरोबर हिंडणे म्हणजे एक शिक्षणच असते. घोड्याची परीक्षा लोक निरनिराळ्या ठिकाणी करतात. कुणी दात पाहतो, कुणी खूर, कुणी चाल. आणि बहुतेकजण पाहतात भोवरे! अंगावरचे केस जिथे गोल फिरतात, त्या जागेवरून घोड्याचे आणि त्याच्या धन्याचे भविष्य ठरते. गळ्यावर भोवरा असेल तर तो देवमण, म्हणजे घरात लक्ष्मी. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी. मग किंमत मोटारीच्या घरात जाते. पण तोच भोवरा डोळ्याखाली आला की घोडा ‘आसूढाळ’ झाला. जणू आसू गाळणारा. तो ज्याच्या दारी जाईल तिथे रडणे येईल, असा समज. असल्या जनावराला गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नसलेल्या जनावराला दाणा कोण घालणार?

२०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. यात्रा उलगत आली तेव्हा बाजाराच्या कडेला, एका बाभळीला हातभर दोरीने बांधलेली एक शिंगी आम्हाला दिसली. रंग कुमैत, असावा. धुळीने आणि उवांनी तो ठरवणे कठीण केले होते. बरगड्या मोजता येत होत्या, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते, आणि खुरांची टोके मोजडीसारखी वर वळली होती. डाव्या डोळ्याखाली मात्र भोवरा अगदी रेखीव होता. दादाने ओठ उचलून दात पाहिले. सगळे दुधाचे. “दीड वर्षाची असेल,” तो म्हणाला, आणि मग त्याची नजर तिच्या नाकावर थांबली.

लहानपणी घातलेली नायलॉनची म्होरकी कुणी कधी सैल केलीच नव्हती. डोके वाढत गेले, दोरी तेवढीच राहिली. नाकाच्या हाडावर ती कातडीत रुतली होती, आणि वरून कातडी चढू लागली होती.

व्यापारी जवळच चहा पीत होता. तो काही राक्षस नव्हता. थकलेला, तोट्यात गेलेला माणूस होता. इतर घोड्यांच्या सौद्यात ही त्याच्या गळ्यात पडली होती. “डॉक्टरसाहेब, ट्रकचं भाडं हिच्या किमतीहून जास्त आहे. न्या तुम्हीच,” तो म्हणाला. दादाने तिथल्या तिथे कागद काढला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि टेम्पो बोलावला. टेम्पोवाल्याने शिंगीकडे पाहिले आणि अहिराणीत विचारले, “भाऊ, हाई घोडी शे का सापळा शे?”

दोरी काढायला त्या रात्री तास लागला. गुंगीचे औषध बेताचेच द्यावे लागले. असल्या अशक्त जिवाला नेहमीची मात्रा सोसत नाही. मी बॅटरी धरून होतो. कात्रीने एकेक पीळ सुटत गेला. जखम धुतली, धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. मग दादाने फीत घेतली. छातीचा घेर १२५ सेंटिमीटर, अंगाची लांबी ११५. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे, की वजनाचा अंदाज किलोत मिळतो. गणित मी केले. दीडशे किलो. या वयाच्या आणि या जातीच्या शिंगीचे वजन याहून बरेच जास्त हवे.

दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी येऊ लागले. खानदेशी माणूस उपाशी जीव पाहून रिकाम्या हाताने येत नाही. कुणी भिजवलेले हरभरे आणले, कुणी गुळाची ढेप, एका आजीबाईंनी बाजरीच्या पिठाचे तूप घातलेले गोळे आणले. दादाने सर्वांना नमस्कार केला आणि सगळे जिन्नस वहिनींच्या हवाली केले. शिंगीला मात्र लसूणघासाची अर्ध्या किलोची पेंडी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. बस्स!

“डॉक्टर कंजूष झाला,” असे मंडळी परतताना बोलली. दादाने मला त्यातले मर्म सांगितले. महिनोन्‌महिने उपाशी असलेले शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळून जगत असते. त्याला एकदम दाणा-गूळ दिला की रक्तात साखर उसळते, तिच्यामागोमाग रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, आणि हृदयाला चालायला काही उरत नाही. घोडे उपासमारीत तगतात आणि मेजवानीने मरतात. पहिले दहा दिवस धोक्याचे. लसूणघासात पिष्ट कमी, प्रथिने आणि क्षार पुष्कळ, म्हणून तो चालतो. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेली चूक त्याला बाहेर टाकता येत नाही.

पहाटे दोनची पाळी मी घेतली. सातपुड्याकडून येणारा वारा असा असतो की घोंगडी दोन घेतली तरी तिसरीची आठवण येते. शिंगी गोठ्याच्या दूरच्या कोपऱ्यात उभी असे. पेंडी ठेवून मी दहा पावले मागे आलो की मगच ती खाई. दहावा दिवस उलटला तशी वहिनींनी विचारले, “आता नाव ठेवू या का?” तोवर त्यांनीच ठेवू दिले नव्हते. नाव ठेवले की जीव गुंततो, असे त्यांचे म्हणणे. नाव ठेवले तापी. “तापी सूर्याची लेक. आणि घोडेही त्याच्याच रथाचे,” वहिनी म्हणाल्या. एका घरची माणसे म्हणायची!

रक्ताचा नमुना शेंबा रोगाच्या तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला होता. निर्वाळा येईपर्यंत दुसरे जनावर जवळ आणायचे नाही, असा दादाचा दंडक. तो आल्यावर शेजारच्या वीटभट्टीवरून एक म्हातारी गाढवी विकत घेतली गेली. घोडा एकटा राहू शकत नाही. कळपातला जीव तो, एकटा असला की झोपतसुद्धा धड नाही. गाढवीला शिंगीचे काहीच कौतुक नव्हते. ती आली, पाणी प्याली आणि भर दुपारी अंग टाकून झोपली. थोड्या वेळाने तापीही पाय दुमडून बसली. माणसांनी महिनाभर समजूत घालून जे झाले नव्हते ते त्या गाढवीने अर्ध्या दुपारी करून दाखवले.

मी पुन्हा गेलो तो चैत्रात. तापी आता हाताच्या अंतरावर उभी राही. हे दादाने कसे साधले म्हणता? रोज सकाळी तो गोठ्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसे. तिच्याकडे पाहत नसे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून समोरून हात पुढे करणारा माणूस त्याला एकाएकी नाहीसा झालेला वाटतो. दादा खांद्याच्या बाजूने जाई, मानेवर हात ठेवी, आणि ती क्षणभर स्थिर राहिली की हात काढून घेई. शिक्षण एवढेच. ‘तू स्थिर राहिलीस की मी थांबतो.’ खांद्यापासून नाकापर्यंतचा दीड हाताचा प्रवास करायला त्या हाताला साडेतीन महिने लागले. म्होरकी आता मऊ सुती होती, आणि तिच्यात दोन बोटे जातात की नाही हे वहिनी रोज तपासत.

नालबंद चाचा दर सहा आठवड्यांनी येत. नाल ठोकायचा नव्हता, खूर फक्त थोडा थोडा छाटायचा. एकदम छाटला तर पायाच्या शिरा ताणतात. त्यांनी मला तिचा खूर पालथा धरून दाखवला. वरच्या कडेला गुळगुळीत, चकचकीत नवा खूर उतरत होता. त्याच्या खाली एक आडवी वळी होती, आणि वळीखालचा जुना खूर ठिसूळ, भेगाळलेला. “ही वळी म्हणजे यात्रा,” चाचा म्हणाले. “हिच्याखाली सगळी उपासमार.” खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेवढीच ती रेघ दर महिन्याला खाली सरके. मी मुंबईहून फोन केला की वजनाआधी रेघेची चौकशी करी.

पावसाळ्यात गेलो तेव्हा चहूकडे ज्वारी डोक्याएवढी झाली होती. हिरवी ज्वारी घोड्याला वर्ज्य, म्हणून कुंपण दुहेरी केले होते. फीत पुन्हा लागली. घेर १४२, लांबी १३०. दोनशे वीस किलो! कुमैत रंगाला उन्हात तांब्याची झाक आली होती. आणि त्याच संध्याकाळी, पडवीत चहा पिता पिता, दादा म्हणाला, “आता हिला घर बघायला हवं.”

वहिनी उठून आत गेल्या. मी म्हटले, “घर आहे की! हे काय आहे?”

“माझं वय अडुसष्ट. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मी गेल्यावर ही पुन्हा कुणाच्या तरी सौद्यात गळ्यात पडायची. आज तिला चांगली माणसं मिळतील. दहा वर्षांनी मी अंथरुणाला असलो, तर मिळेल तो माणूस घेऊन जाईल.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

पहिले गिऱ्हाईक मोठ्या मोटारीतून आले. वरातीत नाचवायला घोडी हवी होती. पैसे विचाराल तेवढे. दादाने सांगितले की चार वर्षांची होईपर्यंत हिच्या पाठीवर कुणी बसायचे नाही, हाडे कोवळी आहेत. पाहुण्यांनी मान डोलावली, जवळ गेले, आणि डोळ्याखालचा भोवरा पाहून बूट न वाजवता मागे आले. ज्या खुणेने तिला उपाशी ठेवले त्याच खुणेने तिला त्या दिवशी वाचवले.

दुसरे कुटुंब तळोद्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांचा म्हातारा घोडा जोडीदारीण गेल्यापासून कुंपणाशी उभा राहून रस्त्याकडे पाहत असे. दादाने त्यांना तीनदा बोलावले, एकदा स्वतः जाऊन गोठा, पाण्याची टाकी, कुंपणाची तार सगळे पाहून आला. मुलीच्या बापाने स्थळ पाहावे तसे! शेवटच्या खेपेला घरातली आजी आली. भोवऱ्याचा विषय दादानेच काढला. लपवायचे नाही, असे त्याचे होते. आजी वाकून नीट पाहत म्हणाली, “माणसाच्या डोळ्याखाली तीळ असला तर त्याला घराबाहेर काढतो का आपण?” करारनाम्यात दादाने एकच अट ठळक लिहिली. सांभाळणे जमले नाही तर विकायची नाही, इथे परत आणायची.

पोळ्याला बैलांबरोबर तापीलाही वहिनींनी ओवाळले. पुरणपोळीचा घास भरवायला निघाल्या तेव्हा दादाने नखाएवढा तुकडा मोडून दिला. आठवड्याने टेम्पो आला. त्याच्या आदल्या दिवशी चाचांनी शेवटचा खूर छाटला. रेघ आता टोकाशी, बोटाच्या पेराएवढी उरली होती. “दिवाळीत एकदा कुणाकडून छाटून घ्या,” त्यांनी नव्या धन्याला बजावले, “मग संपली.” तापी फळीवर पाय ठेवून थांबली, दादाचा हात खांद्यावर आला, आणि ती आपणहून वर चढली. गाढवी मागे दोन रात्री ओरडत होती. दादा खुर्ची घेऊन तिच्याजवळ जाऊन बसला. वर्तमानपत्र मात्र नेले नाही.

दहाव्या दिवशी आम्ही तळोद्याकडे गेलो. पाऊस नुकताच उघडला होता आणि डोंगर अगदी जवळ आल्यासारखे दिसत होते. कुरणात दोन घोडे चरत होते, एक म्हातारा आणि एक तांबूस. दादाने हाक मारली. तापीने मान वर केली, दोन्ही कान आमच्याकडे वळवले, ओळखीची एक लांब फुरफुर केली. मी तिच्या धावत येण्याची वाट पाहत होतो. तिने क्षणभर पाहिले, आणि पुन्हा मान खाली घालून म्हाताऱ्या घोड्याच्या शेजारी चरू लागली.

“जमलं,” दादा म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला, आणि आजीबाईंनी चहा ठेवला होता म्हणून आम्ही घरात गेलो.