भुरीला न आवडणाऱ्या गोष्टी

आमच्या भुरीला उघडलेली छत्री आवडत नाही. बंद छत्री चालते, ती तोंडात धरून अंगणभर मिरवतेसुद्धा. पण तीच छत्री फट्‌कन उघडली की भुरी पलंगाखाली. तिला लिंबाची साल आवडत नाही. हेल्मेट घातलेला माणूस आवडत नाही, मग हेल्मेटच्या आत मी का असेना. दिवाळीच्या फटाक्यांना ती घाबरते, पण त्यात नवल काहीच नाही. नवल हे की कुकरच्या शिट्ट्यांकडे ती ढुंकून पाहत नाही, आणि घरात मोबाइलची बॅटरी संपत आल्याचं बारीक 'टिंग' झालं की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

भुरी आमच्याकडे आली 2019 च्या पावसाळ्यानंतर. रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या एका गल्लीत ती सापडली. गावठी कुत्री, मातकट रंगाची. छत्तीसगढीत अशा रंगाला भुरवा म्हणतात, म्हणून ती भुरी. त्या तलावाला सरकारी कागदावर आता विवेकानंद सरोवर म्हणतात, पण बाबा अजून बूढातालाबच म्हणतात. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं अशी घरातली समजूत आहे. बिंबाजी भोसले 1758 पासून रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते, त्यांच्या मागोमाग आलेल्या कारकुनांपैकी कुणीतरी आमचा मूळपुरुष. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही. एवढं मात्र खरं की आम्ही घरात जे मराठी बोलतो ते पुण्याच्या नातेवाइकांना हसू आणतं. 'काय करून राहिली तू?' असं बाबा मला विचारतात, आणि भुरीलाही.

भुरीच्या नावडींची यादी करायचा नाद मला पहिल्या हरेलीला लागला. श्रावणी अमावास्येचा हा छत्तीसगढचा सण. शेतकरी अवजारं धुऊन पुजतात, दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागतात आणि पोरं गेडीवर चढतात. गेडी म्हणजे दोन बांबू, त्यांना पाय ठेवायला आडव्या खुंट्या बांधलेल्या. समोरच्या घरातला मुलगा, जो रोज भुरीला बिस्किट देतो, तो गेडीवर चढून रच-रच आवाज करत फाटकाशी आला. भुरी अशी भुंकली की जणू तिनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. तो खाली उतरला, तिनं शेपटी हलवली. पुन्हा चढला, पुन्हा भुंकणं. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

नंतर मी थोडं वाचलं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांच्या वागणुकीवर वर्षानुवर्षं काम करून 1965 साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जगाशी ओळख करून घेतं, त्या काळात जे भेटलं ते त्याच्या दृष्टीनं 'नेहमीचं' होतं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. भुरीचे ते आठवडे गल्लीत गेले. तिथे सायकली होत्या, गाई होत्या, भांड्यांचा खणखणाट होता. आठ फूट उंच मुलगा नव्हता. माणसाला ती चेहऱ्याइतकीच त्याच्या चालीवरून आणि आकारावरून ओळखत असणार. गेडीनं दोन्ही बदलून टाकलं होतं.

माणसांनीही कुत्र्यांच्या नावडींबद्दल आपल्या समजुती करून ठेवल्या आहेत. आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या फाटकाशी निळीच्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या आहेत. नागपूरला आत्याकडेही आहेत. निळ्या रंगाला कुत्री घाबरतात म्हणे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. त्यामुळे त्याला तांबडं आणि हिरवं यांत फरक करणं अवघड जातं, पण निळं आणि पिवळं नीट दिसतं. म्हणजे बाटली दिसते, यात शंका नाही. भुरीलाही शेजाऱ्यांची बाटली दिसते. उन्हाळ्यात ती तिच्या सावलीला टेकून झोपते.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग यादीत बाबांची खुर्ची आली.

ती वेताची आरामखुर्ची आजोबांची. बाबा सिंचन विभागातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम तिच्यावरच. भुरी तीन वर्षं त्या खुर्चीच्या पायाशी झोपत आलेली. 2023 च्या मार्चमध्ये एकदा बाबा खुर्चीत बसले, मान मागे टेकवली, आणि भुरी ताडकन उठली. कान मागे, शेपटी पायांत. मग गुरगुरली. बाबा उठून उभे राहिले तर गप्प. पुन्हा टेकले तर पुन्हा गुरगुर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. माझी भाची सुट्टीत आली होती, तिनं आजोबांना मिठी मारली तर भुरी दोघांवर भुंकत धावली. भाची रडायला लागली.

आईनं ठरवून टाकलं की खुर्चीत आजोबा येऊन बसतात. कामाला येणाऱ्या दाईनं पोछा मारता मारता भुरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "येला कुछु सुनाथे, दीदी." हिला काहीतरी ऐकू येतंय. मी मान डोलावली आणि कॉलेजला निघून गेले. दाईचं बोलणं मी आजोबांच्या भुताच्याच खात्यात टाकलं होतं.

पण भाचीवर धावून गेल्यावर गोष्ट हसण्याची राहिली नाही. बाबा तेव्हा 74 वर्षांचे होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. चावली तर? अभनपूरकडे ओळखीतल्या एकांची शेती आहे, त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. आई दत्ताची भक्त. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, तेच चार वेद, हे तिनं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्यामुळे गुरुवारी कुत्रं घराबाहेर काढायला ती तयार होईना. शुक्रवार ठरला. ठरवण्याच्या त्या बैठकीत बाबा समोरच बसले होते, पण काही बोलले नाहीत. त्यांना ऐकू गेलं नसावं असं मी धरलं.

शुक्रवारी सकाळी भुरी खुर्चीच्या पायाशी गाढ झोपलेली. बाबा मान टेकवून पेपर वाचत होते. गुरगुर नाही, काही नाही. शनिवारीही तसंच. आईनं म्हटलं, दत्तानंच काय ते केलं. अभनपूरला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या महिना-दीड महिन्यात दुसरंच काहीतरी बिघडत गेलं, आणि ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला. बाबा बोलेनासे झाले. जेवताना आईनं काही विचारलं की नुसते हसायचे. 'सात वाजता' म्हटलं तर हात पुढे करायचे. महाराष्ट्र मंडळातल्या कार्यक्रमाला जायचं म्हटलं की गुडघा दुखायचा. फोन आला की आईकडे द्यायचे. आई चिडून ओरडायची, ते म्हणायचे, "ओरडून कायले राहिली?" एकदा मी पाहिलं, त्यांचं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात, डबीत बंद होतं. फेब्रुवारीतच तर घेतलं होतं आणि चांगले पैसे मोजले होते. मी रागावले. ते म्हणाले, "खाज सुटते." मी म्हटलं, तुम्हाला प्रयत्नच करायचा नाही. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मे महिन्यात एका दुपारी मी हट्टानं त्यांना यंत्र लावायला लावलं. बाहेर 44 अंश, खोलीत कूलर घरघरत होता, टीव्ही चालू. बाबांनी भुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि यंत्र कानात घालून खुर्चीत टेकले. भुरी उठली, कान मागे. आणि त्याच वेळी बत्ती गुल झाली. कूलर थांबला, पंखा थांबला, टीव्ही गेला. रायपूरच्या उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा जी शांतता पडते, तिच्यात मला एक बारीक, न थांबणारी शिट्टी ऐकू आली. सुईसारखी. बाबांच्या कानातून.

"बाबा, हे वाजतंय."

"काय वाजतंय?"

त्यांना ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. मी त्यांची मान हातानं पुढे केली, शिट्टी थांबली. मागे टेकवली, सुरू झाली. भुरी माझ्याकडे पाहत होती.

नंतर दुसऱ्या ठिकाणच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी नीट समजावलं. यंत्राचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज घेतो आणि मोठा करून कानात सोडतो. कानातलं बूच सैल असेल तर तो मोठा आवाज बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये जातो, पुन्हा मोठा होतो. सभेत लाउडस्पीकर किंचाळतो, तसलाच प्रकार. खुर्चीची पाठ, उशी, कुणाची मिठी यंत्राच्या जवळ आली की आवाज परतून येतो आणि शिट्टी वाढते. बाबांना पहिल्या दुकानात तयार रबरी टोपी बसवून दिली होती, कानाचं माप घेतलंच नव्हतं.

मग बाईंनी बाबांच्या श्रवणाचा आलेख दाखवला. डावीकडे 250 हर्ट्झ, उजवीकडे 8000. बाबांची रेघ उजवीकडे टेकडी उतरावी तशी उतरत गेलेली. म्हातारपणात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीत राहतात. म्हणून बोलणं चाललंय हे कळतं पण काय चाललंय ते कळत नाही, आणि 'सात'चा 'हात' होतो. यंत्राची शिट्टीही त्याच पट्टीतली. ज्याच्या कानात ती वाजते त्यालाच ती ऐकू येत नाही असं पुष्कळदा होतं. माणसाचा तरुण कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा 45,000 च्या आसपास. शिवाय वरच्या पट्टीतला अगदी मंद आवाजही कुत्र्याला लागतो. कूलरच्या घरघरीखाली आम्हाला जे सापडलं नाही, ते भुरीला दर वेळी सापडत होतं.

2021 मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी 386 श्वानपालकांना घरातल्या आवाजांबद्दल विचारलं होतं आणि कुत्र्यांच्या चित्रफितीही तपासल्या होत्या. व्हॅक्यूम क्लीनरसारख्या सलग, खालच्या आवाजापेक्षा बॅटरी संपत आल्याची अधूनमधून होणारी उंच चिवचिव कुत्र्यांना जास्त अस्वस्थ करते, असं त्यांना दिसलं. आणि कुत्रं भेदरलेलं असताना मालक बरेचदा हसतात, हेही. मोबाइलच्या 'टिंग'चा उलगडा मला तिथे झाला. हरेलीच्या दिवशीचं आमचं हसणंही आठवलं.

परतताना ऑटोत मी बाबांना विचारलं, "त्या शुक्रवारपासून यंत्र काढून ठेवलं होतं ना तुम्ही?"

ते रस्त्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "तिले यंत्र आवडत नव्हतं, एवढं मले समजलं होतं. का, ते नाही समजलं. तुम्ही तिले पाठवून राहिले होते. मग म्हटलं, एकच काहीतरी ठेवू."

म्हणजे त्या बैठकीतलं त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या दिवशी यंत्र त्यांच्या कानात होतं.

नामदेवांची गोष्ट आई नेहमी सांगते. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी मला ती गोष्ट देवाची वाटायची. आता वाटतं, त्या गोष्टीत अवघड जागा वेगळीच आहे. कुत्र्यानं काय केलं हे सगळ्यांनाच दिसतं, त्याला काय हवं आहे ते विचारायला कुणीतरी थांबावं लागतं. आमच्या घरात थांबायला वीज जावी लागली. दाईनं तर पोछा मारतानाच सांगितलं होतं.

मापाचं साचा-बूच आठवड्यानं आलं. बाबा पुन्हा मंडळात जाऊ लागले, आईशी पुन्हा भांडू लागले. भुरीला छत्री, लिंबू, हेल्मेट आणि गेडी अजूनही आवडत नाही, त्यावर आमच्याकडे इलाज नाही आणि आम्ही शोधतही नाही. हरेलीला समोरचा मुलगा आता आमच्या फाटकाच्या अलीकडेच गेडीवरून उतरतो आणि चालत येतो.

सकाळी बाबा यंत्र कानात घालतात, खुर्चीत बसतात आणि मान टेकवतात. मग काही क्षण खाली, पायाशी पाहतात. भुरी पडून राहिली, तर चहाचा कप उचलून म्हणतात, "हं, आता बोल. काय सांगून राहिली होती?" गेल्या डिसेंबरात ती एकदा उठून व्हरांड्यात गेली. बाबांनी कप खाली ठेवला, यंत्र काढून डबीत घातलं आणि मला म्हणाले, "गाडी काढ. बाईंकडे जायचंय." कानात मळ साचला होता.